दुसऱ्या सत्रातील कलनशास्त्र

छिंदवाड्यातून अलग होऊन 2023 साली ज्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला, त्या पांढुर्णा व सौंसर या तहसिलींत मराठी घरांतून विज्ञान शाखेकडे वळलेल्या विद्यार्थ्याची खरी कसोटी लागते ती कलनशास्त्राच्या दुसऱ्या सत्रात. अवकलनाचे नियम अंगवळणी पडले की उदाहरणे आपसूक सुटतात. समाकलनाला मात्र तसा सरसकट कायदा नाही, आणि चल बदलावा की खंडशः समाकलन करावे, हे ओळखण्यातच निम्मी परीक्षा. सात सेंटिमीटर व्यासाचे, अगदी गोल असे इथल्या बागेतले संत्रे अतितलम आडव्या चकत्यांत कल्पून त्यांची बेरीज केली, की सुमारे 180 घन सेंटिमीटर हे घनफळ हाती येते. गोलाचे असे तुकडे पाडून हिशेब करण्याची दृष्टी बाराव्या शतकात भास्कराचार्यांनाही होती. अनंत श्रेणींचा न्याय याहून विचित्र: अर्धा, पाव, अर्धपाव ही बेरीज कितीही लांबवली तरी एकाची हद्द ओलांडत नाही, आणि एक, एकद्वितीयांश, एकतृतीयांश ही दिसायला तितकीच निरुपद्रवी श्रेणी, केवळ 10 चा आकडा पार करण्यास 12,367 पदे घेत असूनही, अखेर कोणत्याच हद्दीला जुमानत नाही.