लोगोवर अडकलेला टॅब

ई-इंकचा पडदा वीज तुटली तरी शेवटचं चित्र धरून ठेवतो. त्यातले काळे-पांढरे कण एकदा जागेवर बसले की तिथेच राहायला त्यांना वीज लागत नाही. वाचणाऱ्याला ही मोठी सोय आहे, पण बिघाड शोधणाऱ्याची त्यामुळे पंचाईत होते. अपडेटमध्ये अडकलेला ई-रीडर माझ्या टेबलावर येतो तेव्हा पडद्यावर पाऊण भरलेली पट्टी दिसत असते आणि आणणारा सांगतो, ‘कालपासून चालूच आहे, थोडंसंच राहिलंय.’ बॅटरी तर रात्रीच उतरलेली असते. म्हणून मी पडद्यावर विश्वास ठेवत नाही. चार्जर आणि सेट यांच्या मधे छोटा यूएसबी मीटर लावतो आणि करंट किती जातोय ते बघत बसतो.

मीटरवरून पुष्कळ कळतं. आकडा शून्यावरच राहिला तर आधी केबल बदलायची, मग चार्जिंग पिन तपासायची. सॉफ्टवेअरचा विचार त्यानंतर. अगदी थोडा करंट एकसारखा जात असेल तर बहुधा बॅटरी तीन व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली गेलेली असते आणि चार्जिंगचं सर्किट तिला जपून वर आणत असतं. अशा सेटला काही तास हातच लावायचा नाही. अपडेट बिघडलं की माणूस रात्रभर बटणं दाबत बसतो, त्यात बॅटरी पार उतरते आणि साधा बिघाड ‘सेट डेड’ म्हणून माझ्यापर्यंत पोचतो. आकडा ठरावीक तालात चढून पडत असेल तर आत बूटलूप चालू आहे, म्हणजे यंत्र उठतंय, कुठेतरी ठेचकाळतंय आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतंय. ही खबर चांगली असते.

मग लिनक्सवाला लॅपटॉप. कर्नलच्या नोंदी टर्मिनलवर चालू ठेवून केबल जोडायची आणि यंत्र स्वतःची ओळख काय सांगतं ते वाचायचं. अँड्रॉइडचा टॅबलेट एका दमात सुरू होत नाही. प्रोसेसरमध्ये कारखान्यातच कोरलेला बूटरॉम आधी जागा होतो, तो बूटलोडर उचलतो, बूटलोडर कर्नल उचलतो आणि कर्नल बाकीचा संसार. प्रत्येक पायरीवर यूएसबीवरची ओळख वेगळी असते. क्वालकॉमच्या प्रोसेसरने ‘९००८’ म्हटलं तर बूटलोडरसुद्धा उठलेला नाही, यंत्र तळाच्या पायरीवर उभं आहे. एनव्हिडिया टेग्रा असेल तर तिथे ‘एपीएक्स’ दिसतं, ऑलविनर असेल तर ‘फेल’, रॉकचिप असेल तर ‘मास्करॉम’. फास्टबूट दिसलं की बूटलोडर शाबूत आहे. एडीबी दिसलं तर कर्नलही उठलाय आणि दुखणं वरच्या मजल्यावर आहे.

पायरी कळेपर्यंत सेटमध्ये काहीही लिहायचं नाही. या कामातला हाच नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. मोबाइलच्या दुकानांत ‘सॉफ्टवेअर मारावं लागेल’ हे वाक्य फार लवकर येतं. सॉफ्टवेअर मारलं की सेट बहुतेक वेळा चालू होतो हे खरं, पण त्यात माणसाचा सगळा डेटा पुसला जातो. कधी कधी दुसऱ्याच मॉडेलची फाइल जाते आणि जे सहज सुटणारं होतं ते कायमचं अडकतं.

रूट केलेल्या, म्हणजे मालकाने सिस्टमवर पूर्ण ताबा मिळवलेल्या यंत्रावर अपडेट का अडकतं, याचं कारण बहुतेकांना ‘कंपनीने मुद्दाम केलं’ असंच वाटतं. तसं क्वचितच असतं. जुन्या अँड्रॉइडमध्ये अपडेट येई ते फरकाच्या रूपात. जुनी फाइल अशी असेल असं गृहीत धरून तिच्यात एवढे बदल करा, असा त्याचा हिशेब. त्यामुळे हात लावण्याआधी अपडेट प्रत्येक जुन्या फाइलचा ठसा तपासून घेई आणि एक जरी जुळला नाही तरी थांबे. रिकव्हरीत, म्हणजे अपडेट बसवणाऱ्या वेगळ्या छोट्या सिस्टममध्ये, दिसणारी ‘स्टेटस ७’ ही बदनाम चूक बहुतेकदा अशा तपासणीचीच असते. २०१४मध्ये अँड्रॉइडची लॉलिपॉप आवृत्ती आल्यावर तपासणी फायलींऐवजी अख्ख्या पार्टिशनच्या ब्लॉकवर गेली. तेव्हापासून सिस्टम पार्टिशन नुसतं लिहिण्यासाठी उघडून बंद केलं, आत काहीच बदललं नाही, तरी फाइलसिस्टमच्या नोंदी हलतात आणि अपडेट नकार देतं. त्या नकाराबद्दल मला आदर आहे. गृहीत धरलेलं खरं नसताना पुढे गेलं असतं तर यंत्र खरोखर मोडलं असतं.

मराठी वाचणाऱ्यांची या प्रकाराशी जुनी ओळख असायला हवी. अँड्रॉइड २च्या काळात बहुतेक यंत्रांत देवनागरीचा फॉन्टच नव्हता. मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसत. मग लोक यंत्र रूट करत आणि सिस्टमच्या फॉन्टच्या फोल्डरमधली ड्रॉइड सॅन्स फॉलबॅक ही फाइल काढून तिथे देवनागरी अक्षरं असलेली फाइल ठेवत. अक्षरं दिसू लागत. जोडाक्षरं मात्र फुटलेली आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर, कारण अक्षरं जुळवणारी यंत्रणा आत नव्हती. तरी वाचता येई. पुढे अपडेट आलं की तपासणीत नेमकी तीच फाइल अडकायची. त्या लोकांनी चोरी केली नव्हती, कंपनीला फसवलं नव्हतं. त्यांना आपल्या भाषेतला मजकूर वाचायचा होता. ‘रूट केलाय ना, मग भोगा’ असं कुणी म्हटलं की मला हे आठवतं.

आजकाल टेबलावर येतात त्यांतले पुष्कळ सेट वेगळ्या कारणाने अडकलेले असतात. एका निवृत्त बाईंचा ई-रीडर याचा चांगला नमुना होता. भाच्याने तो रूट करून दिलेला. नवं अपडेट आलं, ते नीट बसलं, पण रूट गेलं. भाच्याने लॅपटॉपवर जपून ठेवलेली, मॅजिस्क या रूट देणाऱ्या साधनाने दुरुस्त केलेली जुनी बूट इमेज (कर्नल हिच्यातच असतो) पुन्हा मारली. त्यानंतर यंत्र कुलूप-पडद्यापर्यंत येई आणि बोटाला दाद देत नसे.

‘अरे, दुकानातला म्हणाला, सगळं पुसून नवीन टाकावं लागेल. माझी टिपणं राहतील ना?’

‘बाई, पुसलं तर जातील. त्याने पुसलंय का काही?’

‘नाही. मी तशीच उठून आले.’

बाई उठून आल्या हे फार बरं झालं. अशा यंत्रात डेटा कुलूपबंद असतो आणि किल्ली पिन आणि प्रोसेसर मिळून तयार होते. फॅक्टरी रीसेट केलं की किल्लीच नष्ट होते, मग चिप सोडवून वाचली तरी आत नुसता गोंधळ सापडतो. त्यामुळे आधी टिपणं बाहेर काढायची आणि दुरुस्ती मागाहून. टच मेला असला तरी यूएसबी कीबोर्डचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. ओटीजी हब लावला, त्याला कीबोर्ड आणि पेनड्राइव्ह जोडला आणि बाईंना म्हटलं, पिन तुम्हीच टाका. ई-इंकवर कीबोर्डने फिरणं म्हणजे संयमाचं काम. बाणाची कळ दाबायची, पडदा चमकून स्थिर होईपर्यंत थांबायचं, पुन्हा दाबायची. पण फाइल मॅनेजरपर्यंत पोचलो आणि टिपणांचं फोल्डर पेनड्राइव्हवर गेलं. वायफायही बंदच होतं.

टच आणि वायफाय एकाच वेळी मेले तर हार्डवेअरवर संशय घेण्याआधी सेटिंगमधल्या ‘यंत्राविषयी’ या पानावर जायचं. तिथे कर्नलची आवृत्ती आणि तो बांधल्याची तारीख असते, खाली बिल्डची तारीख असते. बाईंच्या यंत्रात कर्नल बिल्डपेक्षा कित्येक महिन्यांनी जुना होता. झालं होतं ते एवढंच. टच आणि वायफायचे ड्रायव्हर वेगळ्या पार्टिशनमध्ये, मोड्यूल म्हणून असतात आणि ते ठरावीक कर्नलसाठीच बांधलेले असतात. अपडेटने ते नवे केले; भाच्याने कर्नल जुना बसवला. कर्नलने अनोळखी मोड्यूल आत घेतली नाहीत.

अपडेटच्या फाइलमधून नवी, कोरी बूट इमेज वेगळी काढली. ती लगेच लिहिली नाही. काही बूटलोडरमध्ये फास्टबूटवरून एखादी इमेज नुसती मेमरीत चढवून यंत्र सुरू करता येतं. चूक निघाली तर यंत्र बंद होईपर्यंत बटण दाबायचं, साठवणीत काहीच बदललेलं नसतं. या यंत्रात ती सोय होती. पडदा एकदा काळा, एकदा पांढरा झाला, कुलूप-पडदा आला आणि बाईंनी बोट लावताच आकडे उमटले. मग इमेज लिहिली. रूट हवं होतं, म्हणून त्याच नव्या इमेजला मॅजिस्ककडून दुरुस्त करून घेतलं. प्रत्येक अपडेटनंतर त्या अपडेटचीच बूट इमेज घ्यायची, मागची नाही, हे मी बाईंना एका कागदावर लिहून दिलं, भाच्यासाठी.

२०१६च्या अँड्रॉइड ७पासून सिस्टमच्या दोन प्रती ठेवायची सोय आली. एका स्लॉटवर यंत्र चालतं, अपडेट दुसऱ्यावर लिहिलं जातं, नवा उठला नाही तर बूटलोडर जुन्यावर परत येतो. या एका गोष्टीने कितीतरी यंत्रं वाचली आहेत. जुन्या, एकाच प्रतीच्या टॅबलेटमध्ये मात्र वेगळाच चक्रव्यूह दिसतो. तिथे कुणी मूळ रिकव्हरी काढून टीडब्ल्यूआरपी ही बाहेरची रिकव्हरी बसवलेली असते आणि नकळत ‘अपडेट करा’वर बोट पडतं. अँड्रॉइड ‘मिस्क’ नावाच्या छोट्याशा पार्टिशनमध्ये निरोप ठेवतो, पुढच्या वेळी रिकव्हरीत जा. काम झाल्यावर तो निरोप पुसणं हे रिकव्हरीचं काम. काही यंत्रांत बाहेरची रिकव्हरी तो पुसत नाही, त्यामुळे बूटलोडर दर वेळी तो वाचून माणसाला पुन्हा रिकव्हरीतच आणून सोडतो. लोक रॉमवर रॉम मारतात, सगळं पुसतात, आणि निरोप तिथेच. त्या पार्टिशनची आधी प्रत घेऊन सुरुवातीचे दोन किलोबाइट शून्याने भरले की यंत्र मुकाट्याने घरी येतं. दुखणं एवढंसं असताना अख्खा टॅबलेट पुसलेला बघितला की जीव हळहळतो.

तळाच्या पायरीवर पडलेलं यंत्र उठेल का, हे ते बनवणाऱ्याने वर्षांपूर्वी काय ठरवलं यावर असतं. २०१२चा नेक्सस ७ घ्या. त्याचा बूटलोडर पुसला गेला तर तो एपीएक्समध्ये हाक देतो, पण त्या यंत्राची स्वतःची किल्लीबंद फाइल आधीच काढून ठेवलेली नसेल तर उत्तर घेत नाही. उलट बार्न्स अँड नोबलचे त्याच काळातले नूक कलर आणि नूक सिंपल टच आधी मायक्रोएसडी कार्ड बघतात, मग आतली साठवण. कार्डावर योग्य इमेज लिहून खाचेत घातलं की आत काहीही बिघडलेलं असो, यंत्र उठतं. शिवाय लागोपाठ आठ वेळा बूट अर्धवट राहिलं की ते स्वतःच कारखान्याची प्रत परत बसवतात. आयआयटी मुंबईच्या पुढाकारातून २०१२मध्ये आलेल्या आकाश-२मध्ये ऑलविनरचा ए१३ होता आणि त्याचा बूटरॉमही आधी कार्डच तपासतो. इतक्या स्वस्त यंत्रात ही सोय होती. आज कितीतरी महाग टॅबलेटमध्ये ती नसते आणि मागचं झाकण गरम करून उघडून, बोर्डवरचे दोन ठिपके चिमट्याने शॉर्ट करून ९००८ पर्यंत जावं लागतं. हे मला पटत नाही. विकत घेतलेलं यंत्र दुरुस्त करता यावं यासाठी कार्डाची एक खाच आणि पूर्ण फर्मवेअरची फाइल एवढं द्यायला काय हरकत आहे?

अशा तळाच्या पायरीपर्यंत पोचल्यावर एक मोह होतो, दुसऱ्या कुणाच्या चांगल्या यंत्राची पूर्ण प्रत घेऊन इथे ओतायचा. ई-रीडरवर हे कधीच करायचं नाही. ई-इंकचं प्रत्येक पॅनल थोडं वेगळं असतं. कोणत्या तापमानाला कणांना कसे धक्के द्यायचे याची वेव्हफॉर्म फाइल त्या पॅनलच्या जातीची असते, आणि व्हीकॉम नावाचा ऋण व्होल्टेज तर पॅनलगणिक ठरवून त्याच्या पट्टीवरच्या लेबलवर छापलेला असतो. परक्या यंत्राची प्रत बसवली तर यंत्र सुरू होतं, पण मागच्या पानाची अक्षरं पुढच्या पानावर भुतासारखी उरतात. सिरियल नंबर, वायफायचा पत्ता, पेनाचं कॅलिब्रेशन हेही असंच छोट्या पार्टिशनांत असतं. अँड्रॉइड पुन्हा मिळतो, हे काही मेगाबाइट पुन्हा मिळत नाहीत. कुणी रूट करायला यंत्र आणलं तर मी आधी यांच्याच प्रती काढतो.

एक बिघाड मात्र फर्मवेअरने सुटत नाही. फ्लॅश मारला, सगळं ‘ओके’ आलं, यंत्र परत सुरू केलं तर कालचंच सगळं जागेवर, पुसलेलं ॲपसुद्धा. आतली ईएमएमसी चिप झिजून केवळ वाचण्यापुरती उरलेली असते. ती लिहिल्याचं सांगते आणि लिहीत नाही. खात्री करायची तर एक रिकामी फाइल ठेवायची, यंत्र बंद करून चालू करायचं आणि फाइल आहे का बघायचं. नसेल तर फ्लॅश मारणं थांबवायचं. वाचता येतंय तोवर पुस्तकं, टिपणं, ती छोटी पार्टिशनं सगळं बाहेर काढून घ्यायचं. चिप बदलता येते, पण जुन्या यंत्राला तो खर्च सहसा परवडत नाही. कार्डावरून उठणारा नूक कलर असेल तर अख्खी सिस्टमच कार्डावर ठेवून तो पुढे चालवता येतो, आतल्या चिपकडे बघावंच लागत नाही. फक्त कार्डही झिजतं, म्हणून त्याची इमेज लॅपटॉपवर ठेवायची आणि दुसरं कार्ड लिहून यंत्राच्या पाकिटात.