बहुलैंगिकता

बहुलैंगिकता ही एक लैंगिक अभिमुखता आहे. एकाहून अधिक, परंतु सर्वच नव्हेत, अशा लिंगभावांच्या व्यक्तींविषयी वाटणारे प्रणयभावाचे किंवा शारीरिक आकर्षण, असा तिचा अर्थ आहे. असे आकर्षण अनुभवणारी आणि त्यासाठी हा शब्द स्वतःहून स्वीकारणारी व्यक्ती ‘बहुलैंगिक’ म्हणवली जाते. इंग्रजीतील ‘पॉलिसेक्शुअ‍ॅलिटी’ या संज्ञेचा हा मराठी पर्याय असून तिच्यातील ‘पॉलि’ हे ग्रीक पद ‘अनेक’ या अर्थाचे आहे.

शब्द आणि अर्थ

या संज्ञेविषयीचे बहुतेक गैरसमज मराठीतील ‘लिंग’ या शब्दापासून सुरू होतात. मराठीत हा एकच शब्द व्याकरणातील लिंगासाठी, शरीराच्या अवयवासाठी आणि स्त्री-पुरुष या भेदासाठीही वापरला जातो. त्यामुळे व्यक्ती स्वतःला स्त्री, पुरुष किंवा या दोहोंपलीकडे काय मानते, हे सांगण्यासाठी ‘लिंगभाव’ हा वेगळा शब्द रूढ करावा लागला. बहुलैंगिकतेतील ‘बहु’ हा लिंगभावांच्या संख्येविषयी आहे, जोडीदारांच्या संख्येविषयी नाही. बहुपत्नीत्व ही विवाहाची पद्धत आहे. बहुलैंगिकता हा आकर्षणाचा कल आहे. आयुष्यभर एकाच जोडीदाराशी एकनिष्ठ राहणारी व्यक्तीही बहुलैंगिक असू शकते.

‘बहुभाषिक’ हा परिचित शब्द येथे उपयोगी पडतो. बहुभाषिक मनुष्य अनेक भाषा जाणतो, पण जगातील सर्व भाषा जाणत नाही; आणि घरात तो एकच भाषा बोलत असला, तरी त्याचे बहुभाषिकत्व संपत नाही.

जवळच्या संज्ञांपासून बहुलैंगिकतेचे वेगळेपण याच ‘अनेक, पण सर्व नव्हे’ या मर्यादेत आहे. सर्वलैंगिकतेत कोणत्याही लिंगभावाच्या व्यक्तीविषयी आकर्षण वाटू शकते. उभयलैंगिकता हा शब्द पूर्वी स्त्री आणि पुरुष या दोहोंपुरता समजला जाई. आज तो एकाहून अधिक लिंगभावांविषयीच्या आकर्षणासाठीही वापरला जातो, त्यामुळे या दोन संज्ञांच्या सीमा एकमेकींत मिसळतात. समजा, एखाद्या व्यक्तीला स्त्रियांविषयी आणि स्वतःला स्त्री वा पुरुष न मानणाऱ्या व्यक्तींविषयी आकर्षण वाटते, पुरुषांविषयी वाटत नाही. ती स्वतःला बहुलैंगिक म्हणवू शकते, उभयलैंगिकही म्हणवू शकते. कोणता शब्द घ्यावा, हे ठरवण्याचा अधिकार तिचाच आहे. (प्राणिशास्त्रात गांडुळासाठी वापरला जाणारा ‘उभयलिंगी’ हा शब्द शरीररचनेचा आहे. त्याचा येथे संबंध नाही, तरी गल्लत वारंवार होते.)

संकल्पनेचा विकास

अमेरिकेत आल्फ्रेड किन्से यांनी १९४८ मध्ये शून्य ते सहा अशी श्रेणी मांडून माणसांची विभागणी केवळ दोन गटांत होत नाही, हे दाखवले. मात्र ती श्रेणीही स्त्री आणि पुरुष या दोन टोकांवरच बेतलेली होती. ‘सेमिओटेक्स्ट’ या अमेरिकी नियतकालिकाने १९८१ मध्ये ‘पॉलिसेक्शुअ‍ॅलिटी’ या नावाने अंक काढला. गुलाबी, हिरवा आणि निळा असे तीन आडवे पट्टे असलेला बहुलैंगिक ध्वज पुढे इंटरनेटवरून प्रचारात आला.

महाराष्ट्रातील संदर्भ

‘बहुलैंगिक’ हा शब्द मराठीत नवा असला, तरी लैंगिकतेवर मराठीत उघडपणे लिहिण्याची परंपरा जुनी आहे. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ पर्यंत चालवले. वाचकांच्या शंकांना त्यांनी दिलेल्या उत्तरांत समसंभोगाविषयीची उत्तरेही होती, आणि त्यांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. १९३४ मधील या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले होते. निकाल विरुद्ध गेला आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. शंका विचारणारे सामान्य वाचक होते, ही गोष्ट या प्रकरणात सहसा दुर्लक्षित राहते.

दोनांपलीकडचे लिंगभावही येथील समाजाला अपरिचित नाहीत. तृतीयपंथी समाज आणि यल्लमाच्या उपासनेतील जोगते ही त्याची उदाहरणे होत. परंतु जोगत्याचा वेश हा उपासनेचा भाग आहे. त्यावरून त्याच्या आकर्षणाविषयी अनुमान काढता येत नाही.

सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत भाऊ आणि बहीण दोघेही घरात राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. समीक्षेत या तरुणाला उभयलैंगिक म्हटले जात असले, तरी त्याची बाजू कादंबरीत त्याच्या तोंडून येत नाही, आणि ते योग्यच वाटते.

मुंबईतील ‘हमसफर ट्रस्ट’ आणि पुण्यातील ‘समपथिक ट्रस्ट’ या संस्थांनी लैंगिक अल्पसंख्याकांसाठी दीर्घकाळ काम केले आहे. समपथिकचे संस्थापक बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर मराठीत विपुल लेखन केले आहे.

कायदा आणि आरोग्य

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलैंगिक संबंध भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ मधून वगळले. तृतीयपंथी व्यक्तींची स्वतंत्र ओळख त्यापूर्वीच, १५ एप्रिल २०१४ च्या निकालाने मान्य झाली होती. समलिंगी विवाहास मान्यता देण्यास मात्र न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला.

बहुलैंगिकता हा आजार नाही, म्हणून तिच्यावर उपचारही नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार लैंगिक अभिमुखतेवरून सेवेत भेदभाव करता येत नाही. ‘कल बदलून देतो’ असे सांगून औषधे वा विजेचे झटके देणाऱ्यांपासून कुटुंबांनी दूर राहावे. अशा प्रकारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. वर उल्लेखिलेल्या संस्था मोठ्या शहरांत आहेत. हिंगोली जिल्ह्यातील साखरा यांसारख्या गावातील विद्यार्थ्याला तेथवर पोहोचणे सोपे नसते. मनावर ताण येत असल्यास ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य बोलता येते.