कन्सोल बदलला की जुने खेळ कुठे जातात?

गारखेड्यातल्या दोन खोल्यांच्या घरात टीव्ही एकच, आणि कन्सोल त्यालाच जोडलेला. पण खरी अडचण पुढे येते. प्लेस्टेशन ३ची (२००६) डिस्क प्लेस्टेशन ४मध्ये (२०१३) घातली की आत जाते, फिरते, खेळ मात्र सुरू होत नाही. पैसे साठवून जमवलेला कप्पाभर संग्रह जुन्या यंत्रापाशीच अडकतो. निन्टेन्डोने तर २७ मार्च २०२३ रोजी थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या यंत्रांच्या ऑनलाइन दुकानांतली विक्रीच थांबवली.

संगणकावर असं होत नाही. २००३ पासूनच्या ‘स्टीम’ या संगणकी खेळांच्या ऑनलाइन दुकानात खेळ यंत्राच्या नव्हे, खात्याच्या नावे असतो. पुण्याला शिकायला गेलेली मुलगी तिथल्या लॅपटॉपवर तोच खेळ पुन्हा उतरवून घेते. वापरलेली डिस्क मात्र विकता येते, खात्यातला खेळ नाही. कन्सोलची ही बाजू मला मोलाची वाटते.