लिहिण्याआधी वाचा : मेमरी चिप आणि प्रोग्रामरच्या सेटिंग्ज

जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेला माणूस मेमरी चिपबद्दल काय सांगणार, असं काहींनी आत येतानाच विचारलं. प्रश्न रास्त आहे. झालं असं, की मागच्या वर्षी आमचा लॅपटॉप बंद पडला. इथं जालन्यातच एका दुकानात दुरुस्तीला दिला. तिथल्या मुलानं बायोसची चिप पुसली आणि इंटरनेटवरून उतरवलेली फाइल तिच्यात भरली. लॅपटॉप सुरू झाला; पण अनुक्रमांक भलत्याच यंत्राचा दाखवू लागला, आणि विंडोजची मूळ किल्लीही गेली. चिपमधला जुना मजकूर कुणी जपून ठेवलाच नव्हता. मुलगा मेहनती, चूक लपवली नाही. मग त्याच्याच बाकड्यावर बसून नेमकं काय चुकलं ते आम्ही दोघांनी शोधलं.

प्रोग्रामर म्हणजे संगणक आणि चिप यांच्यामधला दुभाषा. दुरुस्तीच्या दुकानांत सीएच३४१ए जातीचा स्वस्त, यूएसबीला लागणारा प्रोग्रामर सर्रास दिसतो. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चार-पाच रकाने असतात. न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आमचं म्हणणं एवढंच, की प्रत्येक रकाना भरताना स्वतःला विचारा, हे आपल्याला कशावरून कळलं?

पहिला रकाना मालिकेचा. चिपवर २४ने सुरू होणारं नाव असेल तर ती दोन तारांवर, आयटूसी पद्धतीनं बोलते. २५ असेल तर एसपीआय पद्धतीनं. प्रोग्रामरच्या सॉकेटवर दोघींच्या जागा वेगळ्या असतात. चिपवरचा ठिपका म्हणजे पिन १. क्लिपची लाल तार तिकडेच हवी. चिप बोर्डावरच असेल, तर आधी चार्जर आणि बॅटरी काढा.

दुसरी गोष्ट व्होल्टेज. इथं एका अक्षरानं घात होतो. विनबाँडची २५क्यू६४एफव्ही ही ३.३ व्होल्टवर चालते, तर २५क्यू६४एफडब्ल्यू १.८ व्होल्टवर. दुसरीला अडॅप्टर न लावता ३.३ दिले, तर चिप निकामी होऊ शकते. काही स्वस्त प्रोग्रामरमध्ये तर वीजपुरवठा ३.३चा आणि डेटाच्या तारांवर मात्र ५ व्होल्ट असतात. तेव्हा डब्यावर छापलेल्या शब्दावर विसंबू नका, मल्टिमीटर लावून बघा. हे झालं प्रत्यक्ष.

तिसरी गोष्ट ओळख. २५ मालिकेच्या चिपला आपण थेट विचारू शकतो, 'तू कोण?' २५क्यू६४एफव्ही उत्तर देते : ईएफ ४० १७. ईएफ म्हणजे विनबाँड. शेवटचा १७ हा सोळाच्या पायातला आकडा, म्हणजे आपले २३. आणि २चा २३वा घात म्हणजे ८३,८८,६०८ बाइट, अर्थात ८ मेगाबाइट. नावातला ६४ हा मेगाबिटचा, आठानं भागा म्हणजे ताळा जमतो. उत्तर नुसतं एफएफ एफएफ एफएफ किंवा ०० ०० ०० आलं, तर ते बहुधा चिपचं नव्हे; क्लिप नीट बसलेली नाही, असं अनुमान करा.

२४ मालिकेच्या नेहमीच्या चिपा मात्र आपली ओळख सांगत नाहीत. तिथं वरचं नाव हाच आधार. २४सी०२ म्हणजे २ किलोबिट, फक्त २५६ बाइट. आकार आणि पानाची लांबी आपणच निवडायची. पान चुकीचं निवडलं, तर पानाच्या शेवटी न मावलेला मजकूर वळून त्याच पानाच्या सुरुवातीवर लिहिला जातो. म्हणून नाव भिंगाखाली वाचा, डेटाशीटशी ताडून बघा.

आता मुख्य मुद्दा. आकाराच्या रकान्यात चूक झाली, तर वाचलेली प्रत दिसते ठीक, पण असते अर्धी. म्हणून चिप दोनदा वाचा, दोन फाइली करा, त्या तंतोतंत जुळतात का बघा. दोन्ही सारख्या आल्या, पण आत सगळंच एफएफ असेल, तर त्या जुळण्याला अर्थ नाही. फाइल उघडून आत मजकूर आहे ना, आकार बरोबर आहे ना, हे पाहायचं आणि मगच इरेजचं बटण दाबायचं.

इतकी काळजी कशासाठी? फ्लॅश चिपमध्ये लिहिणं म्हणजे १चा ० करणं. ०चा पुन्हा १ करायचा तर पूर्ण गठ्ठाच पुसावा लागतो. पुसलेली चिप म्हणजे सगळीकडे एफएफ, कोरी पाटी. ब्लँक चेक करतात तो यासाठीच. पुसूनही ती कोरी झाली नाही, तर लेखनसंरक्षण चालू आहे का पाहा. मग लिहा, आणि व्हेरिफाय केल्याशिवाय चिप काढू नका.

वाचण्यातली चूक पुन्हा वाचून सुधारते. पुसण्यातली सुधारत नाही. आमच्या लॅपटॉपमध्ये भरलेली स्मृती खोटी नव्हती, ती दुसऱ्या कुणाची होती. अनुक्रमांक खालच्या लेबलवरून पुन्हा भरता आला, विंडोजची किल्ली मात्र परत मिळाली नाही.

त्या मुलानं आता बाकड्यासमोर एक वही टांगली आहे. गिऱ्हाईक भोकरदनचं असो की अंबडचं, चिपचं नाव, व्होल्टेज, आयडी आणि मूळ प्रतीच्या फाइलचं नाव, या चार गोष्टी लिहिल्याशिवाय तो इरेजला हात लावत नाही. तुमच्यापैकी कुणी हे काम करत असाल, तर अशी वही उद्यापासून घाला.