मैदानाबाहेरची फळी

३ फेब्रुवारी २०१७, शुक्रवारची संध्याकाळ. मेलबर्नमधल्या आयकॉन पार्क मैदानाचे दरवाजे सामना सुरू होण्यापूर्वीच बंद करावे लागले. २४,५६८ प्रेक्षक आत बसले होते आणि आणखी जागा नव्हती. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या महिला लीगचा, म्हणजे एएफएलडब्ल्यूचा, तो पहिलाच सामना. लीगचे मुख्य कार्यकारी अधिकारी गिलन मॅकलाक्लन बाहेर आले आणि आत येऊ न शकलेल्या लोकांची त्यांनी माफी मागितली. आत कार्लटनने कॉलिंगवूडला ४६-११ असं हरवलं.

त्या रात्रीच्या बातम्या गर्दीच्या होत्या, खेळाडूंच्या होत्या. दोन्ही संघांना डावपेच सांगणारे प्रशिक्षक मात्र पुरुष होते. पहिल्या हंगामात आठ क्लब उतरले आणि त्यांतल्या फक्त दोघांच्या मुख्य प्रशिक्षक महिला होत्या : ॲडलेडच्या बेक गॉडार्ड आणि फ्रीमँटलच्या मिशेल कोवन. पावणेआठ वर्षांनी, २०२४च्या बाद फेरीत, फ्रीमँटल आणि एसेंडन समोरासमोर आले, तेव्हा दोन्ही संघांच्या मुख्य प्रशिक्षक महिला होत्या. या दोन सामन्यांमधल्या काळात काय बदललं, हे पाहायचं तर खेळाडूंच्या यादीबरोबरच क्लबांच्या पगारपत्रकातही डोकवावं लागतं.

आधी थोडं खेळाविषयी. भारतीयांना बॉक्सिंग डे कसोटीमुळे ओळखीचं झालेलं मेलबर्न क्रिकेट ग्राउंड हिवाळ्यात याच खेळाचं असतं. क्रिकेटपटू टॉम विल्स याने १८५८ साली हिवाळ्यात खेळाडू तंदुरुस्त राहावेत म्हणून फुटबॉल क्लब काढण्याची कल्पना मांडली, आणि पुढच्या वर्षी मेलबर्नमध्ये नियम लिहिले गेले. त्यामुळे हा खेळ आजही क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर खेळला जातो. चेंडूही लंबगोल. तो पायाने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ढकलायचा, फेकायला मनाई. चेंडू घेऊन पळताना दर १५ मीटरला तो जमिनीवर आपटून परत घ्यावा लागतो. १५ मीटरहून लांबून मारलेली किक हवेतच झेलली तर त्याला ‘मार्क’ म्हणतात आणि झेलणाऱ्या खेळाडूला निवांत किक मारायला मिळते. अंगाला भिडणं, पाडणं, चेंडूसाठी उंच उडी घेणं हे सगळं नियमात बसतं. पुरुषांच्या सामन्यात एका बाजूचे १८ जण मैदानात असतात, महिलांच्या सामन्यात १६. पाच जणी बदली म्हणून बाकावर.

एवढ्या मोठ्या मैदानावर, इतक्या जणींना, चारही दिशांनी येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळायला शिकवणं हे एका माणसाचं काम नाही. म्हणून मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली फळीनिहाय सहायक लागतात : आक्रमणाचा एक, मधल्या फळीचा एक, बचावाचा एक. त्यांच्या जोडीला नवख्या खेळाडूंकडे लक्ष देणारा विकास प्रशिक्षक, ताकद आणि तंदुरुस्ती सांभाळणारा तज्ज्ञ, फिजिओ, डॉक्टर, आकडेवारीचा विश्लेषक, आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि खेळाडूंच्या नोकरी-शिक्षण-घरच्या अडचणी बघणारी व्यक्ती. पुरुषांच्या क्लबमध्ये ही मंडळी पूर्णवेळ पगारावर असतात. महिला संघांची खरी कसोटी इथेच सुरू झाली.

पहिल्या हंगामात बहुसंख्य खेळाडूंचं मानधन ८,५०० ऑस्ट्रेलियन डॉलर होतं. संघातल्या मोजक्या नामवंत खेळाडूंना २७,००० पर्यंत. एवढ्यावर घर चालत नाही, त्यामुळे जवळपास प्रत्येकीला दिवसा नोकरी किंवा कॉलेज. सराव व्हायचा संध्याकाळी. प्रशिक्षकांचं चित्र फारसं वेगळं नव्हतं. अनेक सहायक अर्धवेळ, दिवसा दुसरीकडे काम करणारे. दमून आलेल्या खेळाडूंना दमून आलेले प्रशिक्षक शिकवत होते. व्हिडिओ पाहून एकेका खेळाडूशी बोलायचं, तिची किक सुधारायची, तिच्यासाठी वेगळा आराखडा करायचा, या गोष्टींना लागणारे तास कराराबाहेरचे ठरत.

बेक गॉडार्ड यांचं उदाहरण या संदर्भात सारखं आठवतं. २५ मार्च २०१७ रोजी त्यांच्या ॲडलेड संघाने ब्रिस्बेनला ३५-२९ असं नमवून लीगचं पहिलं विजेतेपद मिळवलं. अशा प्रशिक्षकाला कुठलाही क्लब सोडणार नाही, असं वाटेल. पण २०१८च्या हंगामानंतर गॉडार्ड कॅनबराला परतल्या, ऑस्ट्रेलियन फेडरल पोलिसातल्या आपल्या नोकरीवर. प्रशिक्षकपद पूर्णवेळ नव्हतं आणि पोलिसातली नोकरी होती. पहिली विजेती प्रशिक्षक अशा रीतीने लीगबाहेर गेली. पुढे २०२२ मध्ये हॉथॉर्नचा महिला संघ नव्याने उभा राहिला, तेव्हा त्याच्या पहिल्या मुख्य प्रशिक्षक म्हणून त्या परत आल्या.

त्यांच्याही आधी पीटा सर्ल यांच्या वाट्याला हेच आलं होतं. मेलबर्नच्या उत्तर भागातला डॅरेबिन फाल्कन्स हा महिलांचा क्लब. सर्ल यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने व्हिक्टोरियाच्या महिला लीगमध्ये पाच विजेतेपदं मिळवली. त्यानंतर त्या पोर्ट मेलबर्न या पुरुषांच्या संघात सहायक प्रशिक्षक झाल्या. काम उत्तम चाललं होतं, पण त्या मिळकतीत घर चालेना, म्हणून त्यांना ते सोडावं लागलं. २०१४ मध्ये सेंट किल्डा क्लबने त्यांना विकास प्रशिक्षक म्हणून घेतलं आणि एएफएल या पुरुषांच्या लीगच्या क्लबमध्ये पगारी प्रशिक्षक होणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. सेंट किल्डाचा महिला संघ २०२० मध्ये लीगमध्ये आला, तेव्हा त्याची धुरा त्यांच्याकडेच होती.

डॅरेबिन फाल्कन्सचं नाव लक्षात ठेवावं असं आहे. डेझी पियर्स आणि लॉरेन आर्नेल या दोघी तिथेच खेळल्या. आर्नेल २०१७च्या त्या पहिल्या सामन्यात कार्लटनची कर्णधार होती. पियर्स मेलबर्नची कर्णधार. सुईण म्हणून नोकरी करत ती वर्षानुवर्षं खेळली. आज या दोघी एएफएलडब्ल्यूमधल्या मुख्य प्रशिक्षक म्हणून ओळखल्या जातात. मोठ्या स्टेडियमपासून दूर, स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या एका क्लबमध्ये हे बीज पडलं होतं.

मग आणखी महिला का नव्हत्या? याचं उत्तर जुन्या नियमांत आहे. कुठल्याही खेळातले बहुतेक प्रशिक्षक माजी खेळाडूंमधून येतात, आणि मुलींना मोठं होईपर्यंत खेळत राहू दिलं जात नव्हतं. लहानपणी मुलांबरोबर खेळणाऱ्या मुलीला ठरावीक वयानंतर संघाबाहेर व्हावं लागे. पेनी क्युला-रीड, हेलन टेलर आणि एमिली स्टेनर या व्हिक्टोरियातल्या तीन मुलींनी या बंदीविरुद्ध न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. २००४ चा निकाल त्यांच्या बाजूने पूर्णपणे लागला नाही, पण मुलींसाठी स्वतंत्र स्पर्धा हवी हे त्या लढ्यामुळे सगळ्यांना पटलं. क्युला-रीड पुढे कॉलिंगवूडकडून एएफएलडब्ल्यूमध्ये खेळली. ज्या पिढीला किशोरवयातच घरी पाठवलं, तिच्यातून प्रशिक्षकांची रांग उभी राहणार तरी कशी?

याच इतिहासामुळे महिला संघाच्या प्रशिक्षकांचं कामही वेगळं होतं. ऑस्ट्रेलियातला मुलगा पाच-सहा वर्षांचा असताना ऑसकिक या शिबिरात चेंडूला पहिली लाथ मारतो. १८ व्या वर्षी क्लबमध्ये येतो तेव्हा त्याच्यापाशी बारा-तेरा वर्षांचा सराव असतो. महिला संघांत मात्र सुरुवातीला दुसऱ्या खेळांतून आलेल्या कितीतरी जणी होत्या. ॲडलेडची एरिन फिलिप्स अमेरिकेतल्या डब्ल्यूएनबीएमध्ये बास्केटबॉल गाजवून आली होती. जेस डफिन ऑस्ट्रेलियासाठी क्रिकेट खेळलेली. ग्रेटर वेस्टर्न सिडनीची कोरा स्टाँटन आयर्लंडच्या मेयो परगण्यातली गेलिक फुटबॉलपटू. तिच्या मागोमाग आयरिश मुलींची रीघ लागली. गेलिक फुटबॉलचा चेंडू गोल असतो. लंबगोल चेंडू उलटा फिरत सरळ जावा यासाठी ‘ड्रॉप पंट’ किक शिकावी लागते आणि चेंडू हातातून कसा सुटतो यावर तिचं सगळं गणित अवलंबून असतं. ते तंत्र तिशीतल्या खेळाडूला शिकवायला डावपेचांचा तज्ज्ञ पुरत नाही, हाताला धरून शिकवणारा धीराचा शिक्षक लागतो.

त्यामुळे ज्या क्लबांनी आधी नामवंत मुख्य प्रशिक्षक आणून उरलेल्या पैशांत बाकीची माणसं भरली, त्यांच्यापेक्षा कौशल्य आणि शरीर यांना आधी जागा देणारी रचना अधिक शहाणपणाची. ब्रिस्बेनचे क्रेग स्टारसेविच हे याचं ठळक उदाहरण. खेळाडू म्हणून ते १९९० च्या विजेत्या कॉलिंगवूड संघात होते. पण ब्रिस्बेनच्या पुरुष संघाने २००१ ते २००३ अशी सलग तीन विजेतेपदं मिळवली, तेव्हा ते त्या संघाचे तंदुरुस्ती प्रशिक्षक होते. पुढे त्यांनी क्वीन्सलँडमध्ये महिला फुटबॉलची उभारणी केली आणि २०१७ पासून ब्रिस्बेनच्या महिला संघाची सूत्रं हाती घेतली. नवे क्लब आले की ब्रिस्बेनच्या खेळाडू तिकडे जात. तरीही २०२५ पर्यंत झालेल्या नऊ अंतिम सामन्यांपैकी सातांत हा संघ होता आणि २०२१ व २०२३ चं विजेतेपद त्याने पटकावलं. नव्या मुली घ्यायच्या, घडवायच्या, त्या गेल्या की पुन्हा नव्या घडवायच्या, हे चक्र सांभाळणारी घडी तिथे बसली होती.

शरीराचा मुद्दा आणखी गंभीर आहे. गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण या खेळात पुरुषांपेक्षा महिलांमध्ये कितीतरी अधिक आढळलं. एकदा तो फाटला की जवळपास वर्ष जातं. त्यावर लीग आणि मेलबर्नचं ला ट्रोब विद्यापीठ यांनी मिळून ‘प्रेप टू प्ले’ हा कार्यक्रम तयार केला : उडी मारून कसं उतरायचं, पळता पळता दिशा कशी बदलायची, भिडताना आणि पडताना अंग कसं सांभाळायचं. हा व्यायामाचा तक्ता कागदावर राहू नये, यासाठी आठवड्यातल्या प्रत्येक सरावात त्यासाठी वेळ राखणारा माणूस संघात हवा.

डोक्याला बसणारा मार हाही तसाच विषय. हेदर अँडरसन ही ॲडलेडच्या २०१७ च्या विजेत्या संघातली खेळाडू. २०२२ मध्ये वयाच्या २८ व्या वर्षी तिचं निधन झालं. पुढच्या वर्षी तिच्या मेंदूच्या तपासणीत सीटीई हा वारंवारच्या आघातांशी जोडला जाणारा आजार आढळला. व्यावसायिक महिला खेळाडूत त्याचं निदान होण्याची ही पहिलीच वेळ होती. एवढं समोर आल्यावर ‘टॅकल’ सुरक्षितपणे शिकवणारा प्रशिक्षक आणि खेळाडूला बाहेर काढण्याचा अधिकार असलेला डॉक्टर यांना कुठलाही क्लब जास्तीचा खर्च म्हणू शकत नाही.

खर्च कमी करायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड कुठे पडते, हे मात्र २०२० ने दाखवलं. करोनामुळे त्या वर्षीचा हंगाम विजेत्याविनाच संपला आणि क्लबांनी फुटबॉलवरचा खर्च आवळला. नॉर्थ मेलबर्नने आपले यशस्वी प्रशिक्षक स्कॉट गोवन्स यांना निरोप दिला आणि जबाबदारी क्लबमध्येच काम करणाऱ्या डॅरन क्रॉकर यांच्याकडे आली. गोवन्स पुढे सिडनीच्या नव्या संघाचे प्रशिक्षक झाले. क्रॉकर यांना मात्र नंतर सलग वर्षं मिळाली आणि त्याच संघाने २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं जिंकली, दोन्ही वेळा ब्रिस्बेनला हरवून. ब्रिस्बेन आणि नॉर्थ मेलबर्न यांना जोडणारा दुवा सातत्याचा आहे.

२०२२ पासून सगळे १८ क्लब महिला लीगमध्ये आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आणि पुरुष खेळाडूंसाठी पहिल्यांदाच एकत्रित करार झाला, मानधन वाढलं, बारा महिन्यांचे करार आले. खेळाडू अधिक तास मैदानावर येऊ लागल्या आणि त्यांच्यासाठी प्रशिक्षकांचेही तास वाढवणं क्लबांना भाग पडलं. लीगने महिला प्रशिक्षकांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण कार्यक्रमही सुरू केला.

त्याचं फळ दिसू लागलं. लॉरेन आर्नेल २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या विजेत्या संघात खेळली आणि पुढच्याच वर्षी पोर्ट ॲडलेडची मुख्य प्रशिक्षक झाली. एएफएलडब्ल्यू खेळलेल्या महिलेला हे पद मिळण्याची ती पहिली वेळ. नॅटली वूड यांनी एसेंडनचा नवा संघ उभा केला. लिसा वेब फ्रीमँटलला गेल्या, टमारा हायेट वेस्टर्न बुलडॉग्जला. डेझी पियर्सने २०२२ मध्ये मेलबर्नला विजेतेपद मिळवून दिल्यावर निवृत्ती घेतली, २०२३ चं वर्ष जिलॉंगच्या पुरुष संघात विकास प्रशिक्षक म्हणून काढलं आणि २०२४ पासून ती वेस्ट कोस्टची मुख्य प्रशिक्षक आहे. पियर्सचा मार्ग विशेष महत्त्वाचा, कारण मुख्य प्रशिक्षक होण्यापूर्वी तिला एक वर्ष क्लबमध्ये राहून शिकायला मिळालं, सर्ल यांना ज्यासाठी झगडावं लागलं होतं अगदी तेच.

अजून १८ पैकी बहुसंख्य मुख्य प्रशिक्षक पुरुष आहेत. त्यांच्यातल्या अनेकांनी हा खेळ जीव लावून वाढवला, हे स्टारसेविच आणि क्रॉकर यांच्याकडे पाहून कुणीही मान्य करील. पण क्लबांनी आता पाहायला हवं ते मुख्य खुर्चीच्या खालच्या पायऱ्यांकडे : फळी प्रशिक्षक, विकास प्रशिक्षक, सामन्याच्या दिवशी बाकावरून बदल्या सांभाळणारी व्यक्ती. या पदांवर निवृत्त होणाऱ्या खेळाडूंना पूर्णवेळ पगारावर घेतलं, बाळंतपणानंतर परतता येईल असे करार दिले, पुरुष संघाच्या कामातही त्यांना जागा दिली, तर पुढची आर्नेल शोधायला क्लबला दूर जावं लागणार नाही.

आर्नेलच्या पोर्ट ॲडलेडने २०२४ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. त्याच हंगामाच्या बाद फेरीतल्या त्या सामन्यात फ्रीमँटलने एसेंडनला हरवलं. २०२५ मध्ये पियर्सच्या वेस्ट कोस्टने क्लबच्या इतिहासात प्रथमच बाद फेरी गाठली.