103 ने सुरू होणारा पत्ता

आमच्या सोसायटीत नवे कॅमेरे बसले तेव्हा सेक्रेटरींची एकच अट होती: लेकीकडे गेलो तरी पार्किंग मोबाइलवर दिसलं पाहिजे. कॅमेरेवाला म्हणाला, "मग स्टॅटिक आयपी घ्या, नेटवाल्याशी बोला." नेटवाल्याने त्या न बदलणाऱ्या पत्त्याचे वर्षाचे वेगळे पैसे सांगितले आणि सेक्रेटरी भडकले. "एका आकड्याचे पैसे? आकडे काय संपलेत का?"

संपलेत. निदान नव्याने वाटायला तरी फारसे उरलेले नाहीत.

इंटरनेटला जोडलेल्या यंत्राला जो आकडी पत्ता लागतो, त्याचा जुना आणि अजून सर्वाधिक ओळखीचा प्रकार म्हणजे आयपीव्ही4. टिंबांनी तोडलेले चार आकडे, प्रत्येक 0 ते 255 मधला. गुणाकार केला तर सगळे मिळून सुमारे 429 कोटी पत्ते होतात. वरून वाटप करणाऱ्या आयानाकडचे शेवटचे पाच मोठे गठ्ठे 3 फेब्रुवारी 2011 रोजी मायामीत पाच विभागीय नोंदणी संस्थांना एकेक देऊन टाकले गेले. आशिया-पॅसिफिकच्या वाट्याला आला तो 103 ने सुरू होणारा, 1 कोटी 67 लाख पत्त्यांचा गठ्ठा.

त्याच वर्षी 15 एप्रिलपासून आपल्या विभागात रेशनिंग सुरू झालं. या गठ्ठ्यातून नोंदणी संस्थेच्या एका सदस्याला, म्हणजे एखाद्या नेट कंपनीला, जास्तीत जास्त 1,024 पत्ते, आणि 2019 पासून 512. त्यामुळे गल्लीतल्या केबलवाल्याचं ब्रॉडबँड असेल तर आपला आयपी शोधून पाहा. सुरुवात 103 ने असण्याची बरीच शक्यता आहे. पत्ते हजारभर आणि गिऱ्हाईक पाच हजार, मग नेटवाला एकाच पत्त्यामागे अनेक घरं बसवतो. राउटरच्या सेटिंगच्या पानावर बाहेरचा (WAN) पत्ता म्हणून 100.64 सारखा किंवा 10 ने सुरू होणारा आकडा दिसला तर तुम्ही त्या गर्दीत आहात. बाहेरून थेट तुमच्या कॅमेऱ्यापर्यंत येता येत नाही, ते यामुळे. मालिकांमधला इन्स्पेक्टर "आयपी मिळाला" म्हणताच जीप काढतो. खऱ्या तपासात नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांक नेटवाल्याच्या नोंदींशी जुळवावा लागतो, तेव्हा कुठे एक ग्राहक हाती लागतो.

103 हा भारताचा कोड, असंही बऱ्याच जणांना वाटतं. फोनच्या +91 ची ही सवय. पण बांगलादेशात, इंडोनेशियात, ऑस्ट्रेलियातही 103 चे पत्ते आहेत. वाटप देशवार नाही, विभागवार आहे: युरोप आणि पश्चिम आशियासाठी ॲम्स्टरडॅमचं राइप, उत्तर अमेरिकेसाठी आरिन, लॅटिन अमेरिकेसाठी माँटेव्हिडिओचं लॅकनिक, आफ्रिकेसाठी मॉरिशसचं आफ्रिनिक आणि आपल्यासाठी ब्रिस्बेनचं एपनिक. एपनिकच्या छत्राखाली काही देशांच्या स्वतःच्या नोंदणी संस्था आहेत. भारताची आयआरआयएनएन 2012 पासून निक्सी या इंटरनेट एक्स्चेंज संस्थेच्या अखत्यारीत काम करते.

लोकसंख्येप्रमाणे वाटा मिळाला असेल, ही समजूत तर पार भाबडी. सुरुवातीच्या काळात ज्याने मागितलं त्याला मिळालं, आणि तेव्हा मागणारे बहुतेक अमेरिकेत होते. एमआयटी या एका संस्थेकडे 18 ने सुरू होणारा अख्खा गठ्ठा होता, म्हणजे आपल्या संपूर्ण विभागाला शेवटी मिळाला तेवढाच. त्यातला मोठा भाग तिने 2017 मध्ये विकायला काढला. ॲपलकडे 17 चा गठ्ठा अजून आहे. तेव्हा कुणी लबाडी केली नव्हती. 429 कोटी कधी संपतील असं कुणाला वाटलंच नव्हतं. स्टॅनफर्डने 2000 मध्ये आपला गठ्ठा परत केला, पण असे दिलदार थोडे. पुढे बाजार उभा राहिला. 2011 मध्येच दिवाळखोर नॉर्टेलचे 6,66,624 पत्ते मायक्रोसॉफ्टने 75 लाख डॉलरला घेतले.

मग या सगळ्याचा मालक कोण? "अमेरिकन सरकार" हे उत्तर अर्धवट जुनं झालं. आयानाचं काम एकेकाळी प्रामुख्याने जॉन पोस्टेल हे संगणकशास्त्रज्ञ पाहत. 1998 मध्ये ते काम सांभाळायला आयकॅन ही संस्था स्थापन झाली आणि तिच्याशी असलेला अमेरिकी सरकारचा करार सप्टेंबर 2016 अखेर संपला. संयुक्त राष्ट्रांकडे हे काम कधी नव्हतंच. वाटपाचे नियम विभागातल्या खुल्या बैठकांत सहमतीने ठरतात आणि विभागीय संस्था नोंदींची वही सांभाळते. तलाठी सातबारा लिहितो म्हणून शेत त्याचं होत नाही, तसंच हे. वाहतूक मात्र राउटर एकमेकांना विचारून चालवतात, वही उघडून नव्हे. 2021 मध्ये पत्त्यांच्या वादातून मॉरिशसच्या न्यायालयाने आफ्रिनिकची बँक खाती गोठवली, पुढे संचालक मंडळाची गणसंख्याही उरली नाही. तरी लागोस-नैरोबीतले फोन चालूच होते. अडलं ते नव्या वाटपाचं आणि नोंदींच्या विश्वासाचं.

पत्ते संपले म्हणून नेट बंद पडत नाही, कारण 128 बिटांचा आयपीव्ही6 आहे आणि त्याच्या वापरात भारत जगात पुढे आहे, मुख्यतः मोबाइलमुळे. सेक्रेटरींच्या खिशातला फोन बहुधा रोज तेच वापरतो. आमचा नेटवाला अजून "बघू" म्हणतो.

शेवटी कॅमेरेवाल्यानेच कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरवरचा क्यूआर कोड स्कॅन केला. आता डीव्हीआर स्वतः बाहेर पडून कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो आणि चित्र तिथून फोनवर येतं. स्टॅटिक आयपीचे पैसे वाचले. तो सर्व्हर कोणत्या देशात आहे, हे सेक्रेटरींनी अजून विचारलेलं नाही.