पंप फिरतो, पण पाणी येत नाही : खोलण्याआधी सक्शन पाहा



चैत्र-वैशाखात उसाला पाण्याची घाई असते आणि पंप रुसतो तोही नेमका त्याच दिवसांत. मोटर फिरते, आवाज येतो, पण पाइपाच्या तोंडाशी करंगळीएवढी धार. मग बांधावर उभ्या उभ्या सल्ले मिळतात. कोणी म्हणतो, "इंपेलर गेला." कोणी म्हणतो, "पाचची काढा, साडेसातची बसवा." पंप खोलून तालुक्याला जातो, पाण्याची पाळी बुडते, आणि परत बसवल्यावर पाणी तेवढेच! आमचे सांगणे एवढेच, की विहिरीवरच्या किंवा नदीकाठच्या साध्या सेंट्रिफ्युगल पंपाचे दुखणे पुष्कळ वेळा पंपात नसतेच. ते त्याच्या अलीकडे, सक्शनच्या बाजूला असते. पाणबुडी मोटारीचे गणित वेगळे आहे, ती या लेखात घेतलेली नाही.

पाणी थोडे कमी झाले तर काय बिघडते, असे वाटत असेल तर हिशेब मांडून पाहा. एका एकरावर 3 इंच पाणी द्यायचे म्हणजे सुमारे 3 लाख 8 हजार लिटर लागते. पंप सेकंदाला 10 लिटर टाकत असेल तर हे काम साडेआठ तासांत होते. तोच पंप 7 लिटरवर आला की 12 तास लागतात. वीज आठच तास असेल तर एका दिवसाचे काम दुसऱ्या दिवसावर जाते आणि शेवटच्या सरीतला ऊस सुकतो. म्हणून पंप चांगला चालू असतानाच 200 लिटरचे बॅरल धारेखाली धरून ते किती सेकंदांत भरते हे भिंतीवर लिहून ठेवावे. 20 सेकंदांत भरले तर 10 लिटरचा पंप. पुढे शंका आली की पुन्हा बॅरल लावायचे. अंदाजाने भांडण्यापेक्षा हे बरे.

आता मूळ गोष्ट. पंप पाणी दोरीने ओढल्यासारखे ओढत नाही. तो सक्शन पाइपात पोकळी करतो आणि विहिरीच्या पाण्यावर दाबणारी बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. समुद्रसपाटीला ही हवा पाणी जास्तीत जास्त 10.3 मीटर, म्हणजे सुमारे 34 फूट चढवू शकते. आपण घाटावर राहतो, तेथे हे थोडे आणखी कमी होते. पाइपातील घर्षण वजा जाता 20 ते 22 फुटांच्या वर भरवसा ठेवू नये. मोटर 5 ची असो की 15 ची, ही मर्यादा बदलत नाही. उन्हाळ्यात पाणी 28 फुटांवर गेले आणि पंप काठावरच राहिला, तर मोठी मोटर बसवून काही साधत नाही. पंपच खाली उतरवावा लागतो.

तेव्हा पुढील क्रमाने तपासावे.

पहिले, पाणी आणि पंप यांच्यातील अंतर टेप लावून मोजा. फूट व्हॉल्व्ह, ज्याला आपण बोलीत 'फुटबॉल' म्हणतो, तो पाण्यात निदान दोन-तीन फूट बुडालेला आणि तळाच्या गाळापासून फूट-दीड फूट वर असावा. वर भोवरा दिसत असेल तर पाण्याबरोबर हवा आत जाते आहे, हे नक्की.

दुसरे, पंप बंद ठेवून पाण्याने पूर्ण भरा आणि दहा मिनिटे थांबा. भरायच्या चाडीतले पाणी खाली गेले तर बहुधा फुटबॉल गळतो आहे. त्यात पाचटाची काडी, शेवाळ किंवा खडा अडकलेला असतो, नाहीतर आतला चामड्याचा वा रबराचा वायसर गेलेला असतो. चाडीतले पाणी तसेच राहिले, पण पंप सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटांत पाणी सोडतो, तर मग जोडातून हवा येते आहे असे समजा.

तिसरे, हवेची गळती शोधा. ही गळती बाहेरून दिसत नाही, कारण पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. पंप चालू असताना सक्शनच्या प्रत्येक जोडाजवळ पेटती उदबत्ती न्या. धूर जोडाकडे खेचला गेला की चोर सापडला. साबणाचा फेस लावला तरी तो आत ओढला जातो. ग्लँडकडेही पाहा. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडत राहिले पाहिजे. "ठिबकतंय" म्हणून काही जण नट गच्च आवळतात, त्याने दोरी जळते आणि शाफ्टला चर पडतात. उलट ग्लँड अगदी कोरडा आणि दोरी झिजलेली असेल तर तिथूनही हवा शिरते.

चौथे, सक्शन पाइपाची चाल पाहा. पाइप विहिरीकडून पंपाकडे सतत चढता हवा. मध्ये उंटाच्या पाठीसारखा उंचवटा असेल तर तेथे हवा साठते आणि पाणी तुटते. बाक जितके कमी तितके चांगले. सक्शन पाइप डिलिव्हरीपेक्षा बारीक कधीही नसावा.

पाचवे, दिशा. डी.पी.वर किंवा स्टार्टरमध्ये काम झाल्यावर पाणी कमी झाले असेल तर मोटर उलटी फिरत नाही ना, ते पाहा. केसिंगवर बाण असतो. उलटा फिरणारा पंपही थोडे पाणी देतो, म्हणून फसगत होते. थ्री फेजच्या कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल वायरमनकडून करून घेतली की काम झाले.

एवढे सगळे ठीक निघाले, तरच पंप खोलावा. आत इंपेलरच्या वाटांत कचरा बसलेला असतो, किंवा इंपेलर आणि वेअरिंग रिंग यांच्यातील फट वाढलेली असते. फट वाढली की दाबलेले पाणी मागे वळून पुन्हा सक्शनला येते. मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारी पाण्यावरची स्कूटर ज्यांनी पाहिली असेल, त्यांना नवल वाटेल, पण तिच्याही पोटात असाच इंपेलरचा पंप असतो. तो खालून पाणी घेऊन मागच्या तोटीतून जोराने फेकतो आणि गाडी पुढे जाते. तिच्या जाळीत प्लॅस्टिकची पिशवी अडकली किंवा रिंग झिजली, की इंजिन ओरडते आणि गाडी हलत नाही. दुखणे तेच, ठिकाण वेगळे.

पंपातून खडी भरडल्यासारखा आवाज येत असेल तर तो बेअरिंगचाच असेल असे धरू नका. सक्शन फार ओढावे लागले की पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि इंपेलरवर फुटतात. त्याने धातूला देवीच्या व्रणासारखे खड्डे पडतात. उपाय एकच, पंप पाण्याजवळ नेणे आणि सक्शन मोकळे करणे.

वस्तीवर घरगुती बोअरला दोन पाइपांचा जेट पंप असेल, तर त्याची रीत थोडी निराळी. वर आलेल्या पाण्यातले काही पाणी पुन्हा खाली बारीक तोटीतून जोराने सोडतात आणि त्या झोतामुळे खालचे पाणी वर येते. त्या तोटीत वाळूचा एक खडा किंवा क्षार बसला तरी पाणी थांबते. वरचा कॉक पूर्ण उघडला तर खाली परत जायला पाणी उरत नाही, म्हणून तो जरा दाबूनच ठेवावा. ही सोय घरासाठी ठीक. उसाला या पंपाचे पाणी परवडत नाही.

शेवटी जिवाची गोष्ट. फुटबॉल काढायला विहिरीत उतरण्याआधी मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि पेटीपाशी माणूस उभा करा. विहिरीत डिझेल इंजिन चालवले असेल तर त्याचा धूर तळाशी साठून राहतो, त्यात विषारी वायू असतो. अशा विहिरीत उतरू नका. एरवीही कमरेला दोर आणि काठावर दोन माणसे असल्याशिवाय कोणी उतरू नये. खालचा माणूस बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका, दोराने वर ओढा. एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशी घरे उजाड झालेली आहेत.

हा अंक पंपघरात खिळ्याला अडकवून ठेवा आणि पाळी येण्याच्या आठ दिवस आधी एकदा हा क्रम करून पाहा. त्या वेळी दुरुस्तीला सवड असते. ऊस वाळू लागल्यावर ती उरत नाही.